बागेत उगवलेली घाण वासाची अळंबी: ओळखायची कशी, काढायची कशी

जुलैतल्या एखाद्या सकाळी बागेचं दार उघडताच मेलेल्या उंदरासारखा वास येतो. उंदीर शोधून सापडत नाही. सापडतो तो गुलाबाच्या आळ्यात उभा राहिलेला वीतभर उंचीचा, नारिंगी किंवा पांढरा, पोकळ दांडा. टोकाला हिरवट-काळपट चिकट राड आणि त्या राडीवर माशा. काल संध्याकाळी तिथे काहीही नव्हतं.

ही स्टिंकहॉर्न कुळातली अळंबी. मराठीत न खाण्याजोग्या सगळ्याच अळंब्यांना आपण सरसकट 'कुत्र्याची छत्री' म्हणून मोकळे होतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण हिला छत्रीच नसते. गोंधळ झाला की माणूस फिनेल ओततो, चुना टाकतो, बुरशीनाशक मारतो. झाडांना त्रास होतो आणि आठवड्याभरात अळंबी पुन्हा हजर.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. दिसतो तो दांडा म्हणजे आंब्याच्या झाडाचा आंबा. झाड मातीखाली आहे. पांढऱ्या धाग्यांचं ते जाळं कुजणाऱ्या लाकडावर जगतं, तुमच्या गुलाबावर नाही. तेव्हा काम दोन टप्प्यांचं आहे: वास आजच घालवायचा, आणि खालचं लाकूड शोधून काढायचं.

काय काय लागेल

- रबरी किंवा प्लास्टिकचे हातमोजे
- खुरपं, आणि कुंडी नसून जमीन असेल तर कुदळ
- प्लास्टिकची एखादी जुनी पिशवी, जुनी वर्तमानपत्रं
- जुनी सुरी, जी परत स्वयंपाकघरात जाणार नाही
- बादलीभर पाणी, कपडे धुण्याची पावडर, जुना ब्रश
- मोबाइल आणि दहा रुपयांचं नाणं (कशाला, ते पायरी ३ मध्ये)

पायरी १: वास नक्की कुठून येतोय?

या अळंबीचा वास डायमिथाईल डायसल्फाईड, डायमिथाईल ट्रायसल्फाईड अशा गंधकयुक्त संयुगांचा असतो. मांस कुजतानाही हीच संयुगं सुटतात, म्हणून माशा फसतात. पण स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिलेला वाससुद्धा गंधकाच्याच संयुगाचा असतो. वास घरात, स्वयंपाकघरात किंवा गॅसच्या नळीपाशी येत असेल तर अळंबीचा विचार बाजूला ठेवा. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, दिव्याचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर कळवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. तेव्हा 'वास खालून येतोय म्हणजे बागेतलाच असणार' हा तर्क चालत नाही.

बागेतच वास मारणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली सुरणाचं फूल. मे-जूनमध्ये, पान फुटायच्या आधी, सुरणाच्या कांद्यातून जांभळट-तपकिरी, चुरगळल्यासारखं दिसणारं मोठं फूल येतं आणि त्यालाही सडक्या मांसाचा वास येतो. त्याचा भाऊबंद शेवळा पावसाच्या सुरुवातीला कोकण-ठाण्याच्या बाजारात भाजीसाठी येतो, काकड नावाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात तो. कुंडीत कधीकाळी सुरणाचा तुकडा पुरला असेल तर आधी ते आठवा. सुरणाचं फूल दोन-तीन दिवस वास मारतं आणि थांबतं, काढायची गरज नाही.

दुसरी म्हणजे पाणी तुंबलेली कुंडी. तळाचं भोक बुजलं की माती हवेविना सडते आणि गटारासारखा वास सुटतो. कुंडी तिरकी करून भोकात काडी घाला. काळं पाणी आलं तर दोष अळंबीचा नाही.

पायरी २: दांडा बघून ओळखा

आपल्याकडे पावसाळ्यात घरच्या बागांत प्रामुख्याने दिसणारे प्रकार असे.

नारिंगी-तांबडा, आतून पोकळ, स्पंजासारखा सच्छिद्र दांडा. टोकाला वेगळी टोपी आणि तिच्यावर राड. ही फॅलस रुबिकुंडस. लॉनमध्ये, लाकडाच्या भुशाच्या किंवा ढलप्यांच्या आच्छादनात ही झुंडीने येते.

पांढरा दांडा आणि टोपीखालून परकराच्या घेरासारखी खाली उतरलेली पांढरी जाळी. ही फॅलस इंड्युसिएटस. उंची २५ सेंटिमीटरपर्यंत जाते. बांबूच्या बेटांखाली, दाट पालापाचोळ्यात बघायला मिळते. हिच्यासारखीच, पण पिवळ्या-नारिंगी जाळीची अळंबीही असते.

पेन्सिलीएवढा बारीक, टोकाकडे निमुळता लालसर दांडा, वेगळी टोपी नाही, राड थेट टोकालाच फासलेली: म्युटिनस वंश. आणि दांडाच नाही, विणलेल्या जाळीचा पोकळ चेंडू आहे, राड जाळीच्या आतल्या बाजूला आहे, तर क्लॅथ्रस वंश.

या सगळ्यांच्या बुडाशी फाटलेल्या पिशवीसारखी साल असते. टोपीखाली पापड्या किंवा कल्ले नसतात. छत्री आहे, खाली कल्ले आहेत आणि वास नाही, तर ती अळंबी वेगळी आणि हा लेख तिच्यासाठी नाही. लॉनमध्ये पावसात गोल रिंगण करून येणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांचे कल्ले पक्वतेला हिरवट होत असतील तर ती क्लोरोफायलम मॉलिबडायटिस असण्याची दाट शक्यता आहे. दिसायला अगदी खाण्याजोगी असते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू करते.

आकाराबद्दल घरात कुजबुज होणारच, आणि ती नवी नाही. हॉलंडमधल्या हाद्रियानुस युनियुस या वैद्याने १५६४ साली या अळंबीवर एक पुस्तिकाच लिहिली, आणि १७५३ साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने युरोपातल्या जातीला 'फॅलस इम्पुडिकस' म्हटलं. फॅलस म्हणजे पुरुषाचं लिंग, इम्पुडिकस म्हणजे निर्लज्ज.

पायरी ३: फोटो आधी, खुरपं नंतर

दांडा एक दिवस टिकतो, दुपारपर्यंत लवंडतोही. म्हणून हात लावायच्या आधी चार फोटो काढा: पूर्ण अळंबी बाजूने, टोपी जवळून, बूड माती बाजूला करून, आणि भोवतालची दोन फूट जागा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे फोटो बघणाऱ्याला मापाचा अंदाज येतो. तारीख, आदल्या दिवशी पाऊस होता का, आणि त्या आळ्यात गेल्या वर्ष-दोन वर्षांत काय टाकलं होतं, एवढं लिहून ठेवा. पायरी ६ मध्ये हीच नोंद उपयोगी पडते.

हे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागालाही दाखवता येतात. नमुन्याची शास्त्रीय ओळख हवीच असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथे शुल्क घेऊन ओळख पटवून देतात. नमुना न्यायचा तर कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये तासाभरात त्याचं पाणी होतं. घरातल्या एका दांड्यासाठी मात्र एवढी यातायात करायची गरज नसते.

पायरी ४: 'अंडी' शोधा

नवखे लोक चुकतात ते इथे. दांडा उपटला, वास गेला, काम झालं असं वाटतं. पण त्याच्याभोवती हातभर अंतरात, अर्धवट मातीत बुडालेली आणखी पाच-दहा अंडी दबा धरून बसलेली असतात. रोज सकाळी एकेक फुटतं.

अंडं म्हणजे लिंबाएवढा किंवा त्याहून लहान, पांढरा-मळकट-जांभळट गोळा. बोटाने दाबला तर दगडासारखा कडक लागत नाही, उकडलेल्या अंड्यासारखा दबतो. खुरप्याने अलगद उचलला की बुडाशी सुतळीसारखी पांढरी शेपटी लोंबते. ती शेपटी तोडू नका. ती कुठे जाते ते बघा. खालच्या लाकडाचा पत्ता तीच सांगते.

आता एक अंडं वर्तमानपत्रावर ठेवून उभं चिरा. बाहेर पातळ साल. तिच्या आत साबुदाण्याच्या खिरीतल्या दाण्यांसारखा पारदर्शक, बुळबुळीत थर. तो बोटाला लागतो आणि गार असतो. त्याच्या आत शेवाळी हिरव्या रंगाचं कडं. अगदी मधोमध पांढरा, घडी घालून दाबून बसवल्यासारखा दांडा. याच घड्या पाणी शोषून काही तासांत उलगडतात, म्हणून दांडा 'एका रात्रीत' उगवतो. तो रात्रीत वाढत नाही, आधीच तयार असतो. या अवस्थेत घाण वासही जवळजवळ नसतो.

चिरलेल्या गोळ्यात बुळबुळीत थर दिसला नाही तर थांबा. आत सगळीकडे सारखं, पनीरसारखं पांढरं असेल तर ती बहुधा फुगीर चेंडू-अळंबी. आत छोट्या छत्रीची, कल्ल्यांसकट, रेखीव आकृती दिसत असेल तर ती अमानिटा वंशातली असू शकते आणि त्या वंशात प्राणघातक जाती आहेत. तिला उघड्या हाताने कुस्करू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका, मोजे घालूनच काढा.

पायरी ५: काढणं आणि टाकणं

वेळ सकाळची, माशा जमायच्या आधी. माशा राड खातात, राडीत बीजाणू, म्हणजे अळंबीचं बी, असतात, ते माशीच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात पडतात. शिवाय तीच माशी पुढे ओट्यावर येऊन बसते.

१. पिशवी उलटी करून मोज्यासारखी हातात घाला आणि उभ्या दांड्यावरून, टोपी धरून, खाली उतरवा. राड आतच राहते.

२. दुसऱ्या हाताने बुडाखाली खुरपं घालून साल आणि शेपटीसकट उचला, पिशवी सुलटी करा.

३. भोवतालची वरची ५ ते १० सेंटिमीटर माती खुरप्याने हलकेच चाळवत हातभर अंतरापर्यंत जा. सापडतील तेवढी अंडी घमेल्यात घ्या. झाडाच्या खोडाजवळ हात जपून चालवा, अन्नमुळं वरच असतात.

४. प्रत्येक अंडं चिरून दोन तुकडे करा. हे टाळू नका. न चिरलेलं अंडं कचऱ्याच्या डब्यातही फुटतं, त्याला माती लागत नाही. लागतो तो आत साठवलेला ओलावा. सोसायटीच्या डब्यातून दुसऱ्या दिवशी वास आला तर शोध तुमच्या घरापर्यंत येईल.

५. तुकडे आणि पिशवीतला दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या, रिकामी पिशवी सुक्यात. घरच्या कंपोस्टच्या पिंपात टाकू नका. खत झाल्यावर तेच बीजाणू कुंडी-कुंडीत पोचतील.

६. राड फरशीवर सांडली असेल तर बादलीभर पाण्यात मूठभर धुण्याची पावडर घालून ब्रशने घासा. मातीवर पडली असेल तर वरची दोन बोटं माती उचलून तीही कागदात गुंडाळा. साबणाचं पाणी आळ्यात ओतू नका.

वास अर्ध्या-एक तासात विरतो. मोजे धुऊन उन्हात टाका.

पायरी ६: खालचं लाकूड

आता पायरी ३ ची नोंद काढा. अळंबी आली तिथे गेल्या एक-दोन वर्षांत यांपैकी काहीतरी पडलेलं असतंच: वखारीतून आणलेला भुसा, सुताराकडच्या ढलप्या, नारळाची सोडणं, उसाचं पाचट, छाटणीच्या फांद्यांचा चुरा. किंवा पूर्वी तोडलेल्या झाडाचा बुंधा आणि मुळं अजून खाली आहेत. शेपटी ज्या दिशेला जाते तिकडे १०-१५ सेंटिमीटर उकरा. लाकडाचा तुकडा हाती लागतो, त्यावर पांढऱ्या धाग्यांचा पंखा पसरलेला असतो आणि लाकूड बोटांनी चुरता येतं.

कुंडी असेल तर सोपं आहे. वरचं आच्छादन पूर्ण काढा, सोडणांचे मोठे तुकडे वेचा, वरची तीन-चार बोटं माती बदला. अख्खी कुंडी उलटायचं कारण नाही; पावसाळ्यात मुळं दुखावलेलं झाड लवकर सावरत नाही.

जमीन असेल तर आच्छादनाची जाडी मोजा. अळंबीला हवं असतं जाड, सतत ओलं, न हलवलेलं आच्छादन. १० सेंटिमीटरचा भुशाचा थर म्हणजे तिच्यासाठी भरलेलं कोठार. तो उचला आणि २ ते ३ सेंटिमीटर ठेवा, तोही खोडापासून चार बोटं लांब. पंधरा दिवसांतून एकदा पंजाने उलटासुलटा करा, म्हणजे धागे तुटतात आणि वरचा थर वाळतो. भुसा आणि ढलप्यांऐवजी वाळलेली पानं, कापलेलं गवत वापरलं तर ते एका हंगामात कुजून संपतं. दर्शनी भागात खडी पसरा.

जुना बुंधा मुळासकट काढता आला तर उत्तम. नाही आला तर अळंबी दोन-तीन पावसाळे येत राहील आणि लाकूड संपलं की आपोआप थांबेल. कुजणं लवकर उरकायचं असेल तर त्या जागेवर दर चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा शंभर ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा. लाकूड कुजवणाऱ्या जिवांना नत्र लागतं, आणि ते मिळालं नाही तर तुमच्या झाडाच्या वाट्याचं उचललं जातं. कच्चा भुसा टाकलेल्या आळ्यात पानं पिवळी पडतात ती यामुळे. त्याच आळ्यात अळंबीही असते, म्हणून आळ तिच्यावर येतो.

हे करू नका

बुरशीनाशकाची आळवणी. कार्बेन्डाझिम असो की मोरचूद, औषध लाकडाच्या आत शिरत नाही. मरतं ते मातीत मोकळं असलेलं, म्हणजे तुम्हीच विकत आणून टाकलेली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी.

फिनेल आणि ब्लीचिंग पावडर. वास झाकला जातो, गांडुळं मरतात, मुळं भाजतात, अंडी शाबूत राहतात.

चुना. मातीचा सामू (पीएच) वाढतो, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि गुलाबाची नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अळंबीला मात्र त्याचं काही वाटत नाही.

लाथ मारून उडवणं. मुलांचा आवडता प्रकार. राड चपलेला लागते आणि वास जिन्यापर्यंत पोचतो.

पोटात गेली तर

ही अळंबी हाताळल्याने अंगाला विष चढत नाही, मोजे आहेत ते वासासाठी. खाऊ मात्र नका. चीनमध्ये जाळीवाली अळंबी राड आणि साल काढून, वाळवून, सुपात घालतात हे खरं आहे, पण ती मुद्दाम लावलेली आणि ओळख पटलेली असते. तुमच्या आळ्यातल्या गोळ्याची तशी खात्री कोण देणार? चांदीचं नाणं काळं पडलं नाही, किड्यांनी खाल्ली आहे, लसणाबरोबर उकळली की विष उतरतं, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. अमानिटाचं घातक विष शिजवून जात नाही.

लहान मुलाने कुठलीही अनोळखी अळंबी खाल्ली तर लक्षणांची वाट बघू नका. तोंडातले तुकडे काढा, चूळ भरायला लावा, उलटी करवू नका, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्या आणि किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. ही वेळ महत्त्वाची असते: उलट्या दोन-तीन तासांत सुरू झाल्या तर बहुतेक वेळा विष पोट बिघडवण्यापुरतं असतं, सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी, सुरू झाल्या तर यकृताला धोका असतो. त्यात मधे एक दिवस बरं वाटतं आणि घरचे लोक रुग्णालयातून परत आणायची घाई करतात. आणू नका. कुत्र्याने अंडी उकरून खाल्ली तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. घातक अमानिटाचं अंडं वरून असंच दिसतं.

एक अंडं ठेवायचं असेल तर

सगळी चिरायच्या आधी एखादं, चांगलं फुगलेलं, शेपटीसकट बाजूला काढा. बाहेरच्या गॅलरीत बशीत ओला टिशू पेपर घालून त्यावर शेपटी खाली करून ठेवा आणि वर काचेची उंच बरणी उपडी घाला, हवेसाठी एका बाजूला काडी सारून. साल वरून तडकली की समजा दांडा निघणार. बहुधा पहाटे निघतो. जाळीवाली असेल तर आधी दांडा सरळ होतो आणि मग टोपीखालून जाळी हळूहळू खाली सरकते. मुलांना उठवून दाखवावं असं ते दृश्य आहे. ते बरणीतूनच बघा, आणि बरणी उचलायच्या आधी घराचं दार ओढून घ्या.